सावनेरच्या दगडाखालचा विंचू: एका निरीक्षणाचा इतिहास

सावनेर म्हटले की मराठी वाचकाला राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, गडकऱ्यांनी याच गावी देह ठेवला. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे तालुक्याचे गाव. कोलार नदी, संत्र्यांचे बगीचे, कपाशीची काळी जमीन, भूगर्भात कोळसा आणि खाप्याच्या बाजूला मँगनीज. आजचा धागा मात्र गडकऱ्यांचा नाही. या शिवारातल्या दगडाखाली, कुंपणाच्या काट्यांत आणि घराच्या मातीच्या भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आठ पायांच्या प्रजेचा आहे. त्यातही मुख्यतः विंचवाचा. त्याच्याकडे आपण कधीपासून पाहतो आहोत, काय पाहिले, आणि जे पाहायला हवे होते ते दिसायला इतका उशीर का लागला, एवढाच प्रश्न घेऊन पुढे जाऊ.

आरंभ मृगापासून करू. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वऱ्हाड-नागपूरकडे पहिला पाऊस पडून गेला की ओल्या जमिनीवर मखमलीच्या तुकड्यासारखे लालभडक किडे चालू लागतात. हा मृगाचा किडा. संस्कृत वाङ्मयात तोच इंद्रगोप. शेतकरी त्याला शुभ मानतो, मुले त्याला काडेपेटीत ठेवतात. त्याचे पाय मोजून पाहा: आठ. नावात किडा असला तरी कीटकांना सहाच पाय असतात. मृगाचा किडा हा कोळी आणि विंचू यांच्या कुळातला, गोचिडाचा जवळचा नातेवाईक. ज्या कुळाच्या एका शाखेचे आपण पावसाच्या दूताप्रमाणे स्वागत करतो, त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेवर चप्पल उचलतो. ही गंमत ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या इतिहासात भीती आणि निरीक्षण यांची अशीच सांगड-फारकत आहे.

आपल्या भाषेत विंचू पुष्कळ आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण घ्या. आपण ती सतत बदल्या होणाऱ्या नोकरदाराला लावतो. परंतु तिच्या मुळाशी अचूक निरीक्षण असावे असे मला वाटते. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिलांना जन्म देते, आणि ती पांढुरकी पिले पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून फिरतात. ज्याने हे दृश्य प्रथम पाहिले, त्याने विंचू चिरडण्यापूर्वी क्षणभर तरी थांबून पाहिले असणार.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी विंचवावर भारूड रचले. ते रूपक आहे. त्यातला विंचू म्हणजे कामक्रोध, आणि उतारा आहे सत्त्वगुणाचा. पण रूपक उभे राहायला खरा अनुभव लागतो. त्या भारुडात दंशानंतर सर्वांगाला होणारा दाह आहे, जिवाची तगमग आहे, आणि अंगाला सुटलेला घामही आहे. या घामाकडे आपण पुन्हा येणार आहोत. चारशे वर्षांनी महाडजवळच्या एका छोट्या दवाखान्यात याच घामाने एक कोडे सोडवायला मदत केली.

आणखी एक शब्द: इंगळी. इंगळ म्हणजे निखारा. इंगळी म्हणजे मोठा, काळा, पाहताच धडकी भरवणारा विंचू. लोकभाषेने सर्वांत मोठी भीती या इंगळीसाठी राखून ठेवली. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ज्याचे पुढचे चिमटे जाड आणि नांगीची शेपटी बारीक, तो मोठा काळा विंचू सावज मुख्यतः चिमट्यांनी चेचतो. त्याचा दंश ठणकतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. ज्याचे चिमटे सडपातळ आणि शेपटी जाड, तो तांबूस-पिवळसर, बोटभर लांबीचा विंचू खरा घातकी. महाराष्ट्रातल्या विंचूदंशाच्या मृत्यूंमागे प्रामुख्याने हाच तांबडा विंचू आहे. आकाराला घाबरण्याची आपली सवय येथे पिढ्यान्‌पिढ्या चुकत आली.

आता नागपूरकडे. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. त्या वेळी नागपूर भोसल्यांचे होते. राज्य खालसा व्हायला अजून जवळपास नऊ वर्षे होती. हिस्लॉप धर्मप्रचारासाठी आला खरा, पण त्याला दगडांचे वेड होते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्याने नागपूरचा परिसर पालथा घातला आणि टाकळी येथे, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकात, जीवाश्मांचा खजिना शोधला. शिंपले होते, वनस्पती होत्या, आणि कीटकही होते. १८६० साली अँड्र्यू मरे या अभ्यासकाने लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या या जीवाश्म कीटकांवर टिपण प्रसिद्ध केले. बहुतेक भुंगेरे होते. त्यांच्या पंखांवरची कठीण कवचे तेवढी उरली होती. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळातल्या, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या, किड्यांची ती कवचे. म्हणजे नागपूर परिसरातल्या किड्यामुंग्यांच्या आधुनिक अभ्यासातील अगदी आरंभीच्या नोंदींपैकी एक नोंद मेलेल्या, दगड झालेल्या किड्यांची आहे! सावनेरच्या बाजूला जी काळी माती आपण तुडवतो, ती याच लाव्हाची झीज. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे.

जिवंत विंचवाची शास्त्रीय नोंद याहून जुनी आहे, पण ती दूरवरच्या टेबलावर झाली. १७९८ साली फॅब्रिशियस या डॅनिश पंडिताने आपल्या तांबड्या विंचवाला ‘टॅम्युलस’ हे नाव दिले. नावात तमिळ देशाची खूण आहे. पुढे या विंचवाचे प्रजातीनाव दोन-तीनदा बदलले. कधी ब्यूथस, कधी मेसोब्यूथस, आता हॉटेन्टोटा. जुन्या वैद्यकीय लेखांत एक नाव आणि नव्या पुस्तकांत दुसरे दिसले तर गोंधळू नये; विंचू तोच आहे.

मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांत दोन भारतीय होते आणि दोघेही आपल्या इतिहासाच्या वाचकांना परिचित असायला हवेत. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे अभ्यासक आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या पुस्तकांत ही नावे भेटतात, निसर्गाच्या पुस्तकांत त्यांना कोणी शोधत नाही. सोसायटीचा कारभार वाढवणारा हर्बर्ट फिप्सन हा धंद्याने मद्याचा व्यापारी. १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक याने आपल्याकडच्या एका मोठ्या काळ्या विंचवाला फिप्सनचे नाव दिले. इंगळीला साहेबाचे नाव लागले ते असे. २०२० साली या गटाची पुनर्मांडणी झाली आणि फिप्सनचा विंचू ‘डेक्कनोमेट्रस’ या नव्या प्रजातीत गेला. व्यक्तिनाम साहेबाचे, कुलनाम दख्खनचे.

पोकॉकने १९०० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या मालेत विंचू-कोळ्यांचा खंड लिहिला. तो ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. परंतु त्याची पद्धत पाहा: हिंदुस्थानातले वनाधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे अधिकारी मद्यार्काच्या बाटलीत प्राणी बुडवून पाठवत, लंडनमध्ये दात, केस, कंगोरे मोजले जात. विंचू रात्री काय करतो, कोणाला चावतो, चावल्यावर काय होते, हे त्या बाटलीतून दिसणे शक्य नव्हते. सरकार दरसाल वाघ, लांडगे आणि साप यांनी घेतलेल्या बळींचे तक्ते छापत असे, साप मारल्याबद्दल इनामेही देत असे. विंचवाला त्या दप्तरात सापासारखा मान कधी मिळाला नाही.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा आपल्या हाती आली. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे केंद्रातून बिनय कृष्ण टिकादर यांनी कोळ्यांवर आणि विंचवांवर जन्मभर काम केले. पुढे ते संस्थेचे संचालक झाले. १९८३ साली टिकादर आणि देशभूषण बस्तवडे यांचा भारतीय विंचवांवरचा खंड प्रसिद्ध झाला, आणि १९८७ साली टिकादरांची भारतीय कोळ्यांवरील हस्तपुस्तिका. महाराष्ट्रात कोळी पाहायला निघालेल्या कित्येकांच्या पिशवीत पुढची कैक वर्षे हीच हस्तपुस्तिका होती.

तरीही मुख्य प्रश्न बाकीच होता. माणसे मरत होती.

१९६१ साली डॉ. मुंडले यांनी कोकणातल्या विंचूदंशावर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले. दंश झालेल्यांच्या फुप्फुसात पाणी भरते आणि त्यात ते दगावतात, ही नोंद त्यात होती. त्यानंतर दीड दशक फारसे काही हलले नाही. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला: हिम्मतराव बावस्कर. जन्म १९५१, गाव जालना जिल्ह्यातले देहेड, घरची गरिबी, आणि वैद्यकीय शिक्षण आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. महाड आपल्याला रायगडामुळे माहीत आहे आणि १९२७ च्या चवदार तळ्यामुळे. महाडच्या इतिहासातले हे तिसरे पान फार कमी जणांनी उघडले आहे.

बिरवाडीत रात्री-अपरात्री विंचू चावलेली मुले येत. आरंभी ओकारी, भरपूर घाम, लाळ. मग हातपाय गार पडत. काही तासांनी धाप लागे, तोंडाशी फेस येई, आणि पहाटेपर्यंत मूल जाई. फुप्फुसात पाणी झालेल्यांपैकी निदान चतुर्थांश तरी त्या काळी वाचत नसत. उपचार म्हणून गुंगीच्या औषधांची मिश्रणे, स्टिरॉइड, अॅट्रोपिन असे बरेच काही दिले जाई. पाठ्यपुस्तकात विंचूदंशाला दोन-चार ओळी होत्या. तज्ज्ञ शहरात होते आणि शहरात हे रुग्ण पोचत नव्हते.

बावस्करांनी केले ते ऐकायला साधे आहे. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान, श्वास, दर काही वेळाने नोंद. चावलेला विंचू नातेवाइकांनी मारून आणला असेल तर तोही पाहायचा. अनेक रुग्णांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर एक क्रम दिसू लागला. ज्यांना ओकारी, प्रचंड घाम आणि गार हातपाय ही लक्षणे लवकर दिसतात, त्यांचेच हृदय पुढे संकटात येते. म्हणजे दंशाची जागा किती ठणकते यावर धोका ठरत नाही. उलट ज्याला तीव्र वेदना आहे पण घाम, ओकारी नाही, तो बहुधा बरा होतो. ही पूर्वसूचक लक्षणे मांडणारा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ने छापला. एकनाथांच्या भारुडातला घाम आता निदानाचे साधन झाला होता.

यामागचे कार्यकारण असे. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते. त्यामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते. ते थकते, मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसात पाणी झिरपते. मग तर्क सरळ आहे: आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करा. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचे औषध वापरले. गुण आला, पण त्याच्या थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागते. खेड्यातल्या दवाखान्यात ते परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. विषाने ज्या कुलुपांतून रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नेमकी तीच कुलुपे ती बंद करते. १९८६ मध्ये हिम्मतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. मधल्या काळात हिम्मतराव पुण्याला जाऊन एम.डी. झाले आणि पुन्हा महाडलाच परतले. माझ्या दृष्टीने हे परतणे ‘लॅन्सेट’मधल्या लेखाइतकेच महत्त्वाचे आहे. प्राझोसिनचा वापर रुळल्यावर त्यांच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

प्रतिविषाचा वाद मात्र पुढेही चालू राहिला. १९९९ साली ट्युनिशियातल्या मोठ्या चाचणीत विंचूदंशावर सरसकट प्रतिविष देण्याचा लाभ दिसला नव्हता. पण तिथला विंचू वेगळा, विष वेगळे. २०११ च्या आरंभी बावस्कर दांपत्याने महाडच्या ७० रुग्णांवरची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनसोबत हाफकिनचे तांबड्या विंचवाचे प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ज्या नियतकालिकात पन्नास वर्षांपूर्वी कोकणातल्या मृत्यूंची नोंद आली होती, त्याच नियतकालिकात त्या मृत्यूंवरचा उताराही आला. २०२२ साली हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

जाता जाता: याच विंचवाच्या विषातून १९९० साली ‘आयबेरियोटॉक्सिन’ नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे करण्यात आले. पेशींतल्या एका विशिष्ट पोटॅशियम वाहिनीला ते नेमके अडवते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. बांधावरच्या विंचवाची ही परदेशवारी.

आता मांत्रिकांविषयी, कारण वाचकांतून हा प्रश्न हमखास येतो: मग मंत्राने विंचू उतरतो तो कसा? उत्तर वरच्या नोंदींतच आहे. बहुसंख्य दंश काळ्या विंचवाचे किंवा अल्प विषाचे असतात. वेदना काही तासांत आपोआप ओसरते. त्या तासांत जो जवळ बसून पुटपुटतो, श्रेय त्याला मिळते. ज्या मुलाला घाम सुटला आहे, हातपाय गार पडले आहेत, त्याच्या बाबतीत मात्र हेच तास निर्णायक असतात आणि ते देवळाच्या ओट्यावर जातात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत म्हणूनच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला आहे. एकनाथांच्या विंचवाने कायद्याच्या कलमापर्यंत केलेला हा प्रवास.

विंचू पाहण्याची रीतही दरम्यान बदलली. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासकांच्या ध्यानात आले. तोवर एकेक दगड उलथून शोध घ्यावा लागे. आता खिशातल्या छोट्या विजेरीने अंधाऱ्या बांधावरचा विंचू दहा पावलांवरून दिसतो. या साधनाच्या बळावर हौशी तरुणांनी गेल्या दोन दशकांत पुष्कळ भर घातली. मुंबईच्या आरे वसाहतीतून झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१० साली ‘लायकस आरेएन्सिस’ हा नवा विंचू वर्णिला. ज्या शहरात फिप्सनची सोसायटी सव्वाशे वर्षे नांदत होती, त्याच शहराच्या कुशीतला. २०२१ साली ठाणे परिसरातील एका नव्या उडी मारणाऱ्या कोळ्याला ‘आयशियस तुकारामी’ हे नाव मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे त्या नावात आहेत.

विदर्भातल्या वाचकांनी यंदा मृगाच्या आसपास आपल्या शिवारात जरूर पाहावे. पायांत बूट हवेत, हात दगडाच्या फटीत घालू नये, आणि उचललेला दगड होता तसा परत ठेवावा. त्याखालची ओल हेच त्या प्राण्याचे घर असते. काटेरी झुडपांवर मळकट, चिकट जाळ्याची गुंडाळी दिसली तर ती बहुधा समूहाने राहणाऱ्या कोळ्यांची वसाहत असेल. संध्याकाळी तिथे थांबले तर अनेक कोळी मिळून एकच सावज ओढताना दिसतात. आणि विजेरीच्या प्रकाशात एखादा विंचू चमकला, तर त्याची नांगी पाहण्याआधी चिमटे पाहा: जाड आहेत की सडपातळ.